पुराण मागणारा श्रोता



ज्येष्ठ वद्य नवमीला ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते, तेव्हा आमची दिघी पहाटेपासून रस्त्यावर असते. मॅगझीन चौकात दुतर्फा माणसे उभी असतात. कुणी चहा देतो, कुणी केळी, कुणी वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळतो. आमच्या इमारतीतर्फे शेंगदाण्याच्या लाडवांचे टेबल लागते. त्या टेबलापाशी सर्वांत आधी येऊन उभे राहणारे गृहस्थ माळकरी नाहीत. ते मूळचे गोव्यातल्या साष्टीचे, धर्माने ख्रिस्ती. पिंपरीच्या कारखान्यात उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. इमारतीतले लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात.

दोन वर्षांमागे वारीच्या दिवशी शेवटची दिंडी पुढे गेल्यावर काकांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढले आणि माझ्या हातात ठेवले. म्हणाले, "महाराज, हे वाचा. तुमच्याच ओवीत आहे. माझ्या आजीला यातलं बरंचसं पाठ होतं."

मुखपृष्ठावर 'क्रिस्तपुराण' असे नाव होते. माझा हात नकळत गळ्यातल्या माळेकडे गेला. "काका, हे आमच्यासाठी नाही," असे मी बोलून गेलो.

"तुमच्यासाठी नसेल. पण तुम्हाला ओवी कळते. एवढंच सांगा, ही ओवी खरी की उसनी?"

त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुस्तक घरी आणले. चातुर्मासात ज्ञानेश्वरीचा नित्यपाठ झाला की रोज थोडे थोडे वाचीत गेलो. पहिले काही दिवस दोष शोधण्यासाठी वाचले, हे कबूल करतो. पुढे ती वृत्ती आपोआप गळाली आणि दुसरेच काही हाती लागले. काकांना मी तोंडी उत्तर दिले आहे. परंतु त्यांचा प्रश्न आपल्या संप्रदायालाही विचारण्याजोगा आहे, म्हणून हे लेखन.

आधी ग्रंथाची ओळख. क्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री. लिस्बनहून गलबतात बसून तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, तो इथेच राहिला. त्यातला बराच काळ साष्टीत गेला. तिथे तो लोकांची बोली शिकला, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठी ग्रंथभाषेचा अभ्यास केला. त्याचे हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची यहुदी लोकांची जुनी कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. अध्यायाला कर्ता 'अवस्वर' म्हणतो. पहिल्या भागात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर असून एकूण ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या पसाऱ्याची कल्पना येईल.

ग्रंथ मराठी असला तरी छापला गेला रोमी लिपीत. स्टीफन्सची इच्छा तशी नव्हती. १६०८ मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीत छापण्याची परवानगी मागितली होती. त्याच्या हयातीत ते घडले नाही. मंगळूरला १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला, तोही रोमी लिपीत. देवनागरीतली प्रत पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये काढली. म्हणजे मराठी ओवीला मराठी अक्षर मिळायला ३४० वर्षे लागली. तोवर हा ग्रंथ मुख्यतः कानाने जगला. वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर, ही रीत आपल्या पोथीला काही अपरिचित नाही.

आता काळ पाहू. ग्रंथ कोणत्या पंचांगात जन्मला हे पाहिल्याशिवाय त्याची परीक्षा करू नये.

पोर्तुगीजांनी गोवा बेट १५१० मध्ये जिंकले. साष्टी तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हती. शके १४४८ मध्ये, म्हणजे १५२६ साली, साष्टीतल्या केळोशी गावच्या कृष्णदास शामाने भागवताच्या दशमस्कंधावरून श्रीकृष्णाचे चरित्र ओवीत गायले. नाथमहाराज तेव्हा जन्मलेही नव्हते. पुढे साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि चाळीसएक वर्षांत त्याच केळोशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार करून अंत्रुज महालातल्या कवळ्याला न्यावी लागली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली आणि त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या धर्मसभेने हिंदूंचे पुराणिक आणि त्यांचे ग्रंथ यांवर बंदीचे ठराव केले. पोर्तुगालमधल्या ब्रागा या नगरीच्या ग्रंथालयात आजही त्या काळची हस्तलिखिते आहेत. गोव्यातल्या रामायण-महाभारताच्या कोकणी कथा रोमी लिपीत उतरवून पाद्र्यांनी ती तयार करून घेतली होती. ज्या कथा लोकांनी ऐकू नयेत असे ठरले, त्या जपून ठेवल्या गेल्या त्या समुद्रापलीकडे.

देव लपवून नेण्याचे दुःख वारकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. पंढरीचा पांडुरंग विजयनगरला नेला गेला आणि नाथांचे पणजोबा भानुदासमहाराज यांनी तो परत आणला, ही आपली परंपरेची कथा आहे. भानुदासांची ती आर्तता केळोशी-कुठ्ठाळीच्या माणसांनीही भोगली. फरक इतकाच की त्यांचे देव परत गेले नाहीत. नव्या जागीच त्यांची राउळे उभी राहिली.

याच काळात गोदातीरी काय चालले होते? शके १४९५ मध्ये नाथमहाराजांनी काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पूर्ण केली. १५७९ मध्ये स्टीफन्स गोव्यात उतरला. १५८३ च्या जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांचा प्रमुख रुडॉल्फ आक्वाविवा नुकताच फतेहपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारात धर्मचर्चा करून परतला होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली. आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी पैठणास ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पुरी केली. नकलणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी काढून टाकले आणि यापुढे या ग्रंथात कुणी आपली ओवी घुसडू नये असे बजावले. कुंकळ्ळीत बोलण्याच्या निमित्ताने रक्त सांडले, त्याच्या पुढच्याच वर्षी पैठणास एक गृहस्थाश्रमी संत एकेका ओवीचे अक्षर तपासत बसला होता.

स्टीफन्स स्वतः कुठून आला होता, हेही सांगायला हवे. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये त्या वेळी कॅथलिकांना छळ सोसावा लागत होता. त्याचा जिवाभावाचा मित्र टॉमस पाउंड याच कारणाने वर्षानुवर्षे तुरुंगात होता. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते. एक तुरुंगात गेला, दुसरा गोव्यात आला. आपल्या उपासनेची बंदी ज्याने मायदेशी पाहिली, तोच दुसऱ्यांच्या उपासनेवर बंदी असलेल्या मुलखात उपदेशक झाला. तो मनुष्य कठोर होता असे त्याच्या लेखनावरून दिसत नाही. पण या विसंगतीचा एखादा ओरखडा त्याच्या अकरा हजार ओव्यांत कुठे उमटला आहे का, हे मी शोधीत राहिलो. मला तो आढळला नाही.

आता ओवीकडे वळू.

स्टीफन्सची ओवी ग्रंथीची ओवी आहे. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा, ही तिची बांधणी माउलींनी आणि नाथांनी घोटून दिलेली. आरंभी नमन, मग ग्रंथाचे प्रयोजन, श्रोत्यांची विनवणी, हा क्रमही आपलाच. आणि मराठीची स्तुती तर त्याने जीव ओतून केली आहे. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू, तशी भाषांत मराठी, असा त्याचा भाव आहे. माउलींनी मराठीला अमृताशी पैज लावायला उभे केले, त्याच्या तीनशे वर्षांनंतर सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाला ती पैज जिंकलेली दिसली. हे वाचताना माझा अभिमान सुखावला, पण त्याचबरोबर थोडी लाजही वाटली. माझीच नातवंडे या भाषेत एक पान सलग वाचीत नाहीत.

शब्दांची त्याची निवड मोठी बोलकी आहे. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मुक्ती, पुण्य, भक्ती हे शब्द तो सहज वापरतो. परंतु दीक्षेचा विधी, क्रूस, पवित्र आत्मा असे विषय आले की शब्द पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाचे होतात. ज्या घरात नव्या माणसाने सुखाने राहावे अशी इच्छा, तिथे ओळखीची भांडी ठेवली. जिथून परत फिरण्याची वाट बंद करायची, तिथे कुलूप परके लावले. वैकुंठ या शब्दामागे जो विठ्ठल उभा आहे त्याला बाहेर ठेवून नुसता शब्द आत घेता येतो का? क्रिस्तपुराण वाचताना मला वाटत राहिले की शब्द आपल्या धन्याला विसरत नाही. साष्टीतली एखादी म्हातारी देवळाच्या जागी उभ्या राहिलेल्या चर्चमध्ये बसून 'वैकुंठ' हा शब्द ऐकत असेल, तेव्हा तिच्या मनात कोण उभे राहत असेल, हे पाद्रीबाबांच्या हाती नव्हते.

शब्द उसने घेण्यात काही वावगे नाही, हेही लगेच म्हणतो. नाथांनी अर्जदस्त आणि कौलनामा अशा दरबारी कागदांची रूपे घेऊन परमार्थ सांगितला. तुकोबांच्या अभंगांत फारसी शब्द सुखाने नांदतात. घेणाऱ्याची नियत कोणती, एवढाच प्रश्न असतो.

क्रिस्तपुराणातले जे स्थळ मला विसरता येत नाही, ते ग्रंथाच्या अगदी आरंभी आहे आणि ते कर्त्याच्या तोंडी नाही. साष्टीतल्या एका चर्चमध्ये नवख्रिस्ती मंडळी धर्मशिक्षणासाठी जमली आहेत. त्यांतला एक ब्राह्मण उठतो आणि पाद्र्याला म्हणतो, त्याचा आशय असा: तुम्ही शिकवता ते ठीकच आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हाला का करून देत नाही? या मागणीवरून स्टीफन्सने हा ग्रंथ रचायला घेतला.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. या माणसाचे नाव ग्रंथात नाही. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या पुराण वाचले जात असणार. कदाचित कृष्णदास शामाची ओवी त्याने लहानपणी ऐकली असेल. धर्म बदलला, नाव बदलले, अंगणातली तुळस गेली, पण संध्याकाळी काहीतरी ऐकावे ही कानांची सवय गेली नाही. प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण त्याला पुरत नाही. त्याला कथा हवी आहे, लय हवी आहे, चार माणसांत बसून ऐकणे हवे आहे. त्याने देव मागितला नाही, देऊळ मागितले नाही. ते मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने पुराण मागितले. श्रोत्याची एवढी करुण मागणी मी दुसऱ्या ग्रंथात वाचलेली नाही.

आपले ग्रंथही श्रोत्याच्या मागणीतून जन्मले आहेत. निवृत्तिनाथांची आज्ञा झाली म्हणून ज्ञानेश्वरी झाली. ज्ञानेश्वरीतला श्रोता किती मानाचा आहे, पाहा. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे अवधानाचे दान मागतात, लेकराने मायबापापुढे बोबडे बोलावे तसे बोलतात. विस्तार फार झाला की श्रोत्यांतून सूचना येते, गुरूही आवरते घ्यायला सांगतात. तिथे वक्त्यापेक्षा श्रोता वडील आहे. आणि अर्जुन हा मूळचा श्रोता. अठरा अध्याय सांगून झाल्यावर प्रत्यक्ष भगवंत त्याला या साऱ्याचा पुरता विचार करून मग इच्छेला येईल तसे वागायची मोकळीक देतात. उपदेश पूर्ण झाल्यावरही निर्णय ऐकणाऱ्याच्या हाती ठेवला आहे. संवादाची खरी कसोटी इथे आहे. श्रोत्याला 'नाही' म्हणून उठून जाता आले पाहिजे.

या कसोटीवर क्रिस्तपुराण कमी पडते. त्यातला श्रोता अधूनमधून शंका विचारतो, कर्ता शांतपणे समाधान करतो, भाषा गोड आहे, दृष्टान्त समर्पक आहेत. परंतु प्रत्येक शंका उत्तर मिळावे एवढ्याचसाठी विचारलेली असते. श्रोता जिंकत नाही, अडून बसत नाही, निरुत्तर करीत नाही. कारण बाहेर न्यायासन बसलेले आहे आणि उठून जायला वाट नाही. ग्रंथकाराच्या प्रतिभेत उणे नाही. त्याच्या राजवटीने त्याच्या श्रोत्याचे पाय बांधले होते, आणि ज्याचे पाय बांधले आहेत त्याची मान डोलली तरी ती दाद म्हणून मोजता येत नाही.

याच्या शेजारी नाथमहाराजांचा हिंदू-तुर्क संवाद ठेवून पाहावा. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार होते. सत्ता मुसलमानाची होती आणि लिहिणारा ब्राह्मण होता. त्यात तुर्क बोलतो तो मिळमिळीत बोलत नाही. आपल्या पुराणकथांतल्या अवघड जागा तो नेमक्या काढतो आणि तोंडावर फेकतो. हिंदूही त्याच्या आचारातल्या विसंगती दाखवतो. दोघे चिडतात, कडू बोलतात, आणि शेवटी तत्त्व एकच हे उमजून एकमेकांना नमस्कार करून भेटतात. नाथांनी विरोधकाच्या तोंडी आपल्याला बोचतील असे खरे आक्षेप घातले, ही त्यांची थोरवी. जो आपल्या विरुद्ध पक्षाला धार देऊ शकतो, त्याचाच स्वपक्षावर पूर्ण विश्वास असतो.

स्टीफन्सच्या पश्चात याच परंपरेत एतियन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरच्या चरित्रावर मोठे मराठी पुराण रचले. त्यात हिंदू देवदेवतांचे खंडनच फार आहे. अभ्यासकाला त्याचे मोल असेल, पण ते कुणाच्या आजीच्या ओठांवर राहिल्याचे मी ऐकलेले नाही. स्टीफन्सने मुख्यतः कथा सांगितली, म्हणून तो टिकला. आपल्या कीर्तनकारांनीही ध्यानात ठेवावे असे हे आहे. निंदेवर सभा टाळ्या देते, पण घरी जाताना माणूस निंदा बरोबर नेत नाही.

इथे एक प्रश्न मला टोचू लागला, आणि तो लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुराण बंद करणारे फक्त समुद्रापलीकडून आले होते का? दिघीहून देहू काही कोसांवर आणि वाघोलीही तशी जवळच. क्रिस्तपुराण छापले गेले तेव्हा तुकोबाराय आठ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या अभंगांना वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. बंदी करणारे आपले, ज्याच्यावर बंदी तोही आपला. निवृत्ती-ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणास कुणी पाठवले होते? गोव्याच्या ब्राह्मणाने पुराणासाठी पाद्र्यापुढे पदर पसरला हे वाचून आपण हळहळतो. पण तेच पुराण उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकावे लागलेली माणसे आपल्याच गावांत होती, आणि त्यांच्यासाठीच माउलींनी मराठी ओवी उघडी केली, हे विसरून चालणार नाही.

फरक दिसतो तो पुढच्या घटनेत. गाथा तेराव्या दिवशी वर आली अशी आपली श्रद्धा आहे, आणि ती लोकांच्या कंठातही तरली होती. त्यानंतर रामेश्वरभट बदलले. तुकोबांची आरती त्यांनीच रचली. त्यांच्यावर कुणी न्यायासन बसवले नव्हते, तुरुंगाची भीती घातली नव्हती. विरोधक मोकळ्या पायांनी आला, म्हणून त्याचे नमन खरे. गोव्यातल्या ग्रंथाला असा रामेश्वरभट मिळूच शकला नाही, कारण मोकळ्या पायांचा विरोधक तिथे उरू दिला नव्हता.

आता शेवटचे दोन सन. १६८३ मध्ये छत्रपती संभाजीमहाराजांनी गोव्यावर स्वारी केली. पोर्तुगीज सत्ता हादरली. मोगल फौज चालून आल्याने महाराजांना माघारी फिरावे लागले. त्यानंतर १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या राजवटीचा पाद्री मराठीला मोगऱ्याची उपमा देत होता, तीच राजवट सात दशकांत लोकांच्या जिभेला भिऊ लागली. फर्मानाने भाषा मेली नाही, पण तिच्या तोंडावर हात ठेवला गेला आणि पुढे फार काळ तो निघाला नाही.

आणि १६८५ मध्ये देहूला तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखीत पादुका ठेवून पंढरीची वाट धरली. वडील वैकुंठाला गेले तेव्हा हे आईच्या पोटात होते. वडिलांचा चेहरा पाहिलेला नाही, पण शब्द वारशाला आलेले. मुलूख तेव्हा शांत नव्हता. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता. चारच वर्षांनी, जिथे आपली इंद्रायणी भीमेला मिळते त्या तुळापूरच्या परिसरात, संभाजीमहाराजांचा अमानुष छळ करून त्यांना मारण्यात आले. अशा काळात निःशस्त्र माणसे टाळ घेऊन रस्त्याने अभंग म्हणत निघाली. फर्मान आणि पालखी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण एका वर्षाच्या अंतराने सत्तेने काय केले आणि भक्तीने काय केले, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. सत्तेने लोकांना गप्प व्हायला सांगितले. भक्तीने वाणी खांद्यावर घेतली आणि वाटेत जो भेटेल त्याला ऐकवीत चालली. ऐकणारा दिंडीत आला तरी चालते, कडेला उभा राहून लाडू वाटत राहिला तरी चालते.

काकांना दिलेले उत्तर आता सांगतो. मी म्हणालो, "काका, ओवी कुणाचीच उसनी नसते, कारण ती मुळात बायांची आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. माउलींनी ती तिथूनच उचलली. जिच्या तोंडी ती बसली, तिची ती झाली. तुमच्या आजीची ओवी खरी आहे. तिने ती मनापासून म्हटली, हे तिच्या खरेपणाला पुरेसे आहे. पण त्या ग्रंथातला संवाद अपुरा आहे. पुराण मागणाऱ्याला 'नको' म्हणायची मुभा नव्हती."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो उभा राहून मागणारा माणूस माझाच कुणी तरी असणार, नाही का?"

"असेल. आणि तसा तो माझाही आहे," मी म्हणालो.

पुस्तक परत देऊ लागलो, तर त्यांनी घेतले नाही. आता ते माझ्या फडताळात ज्ञानेश्वरीच्या खालच्या कप्प्यात आहे. माझी निष्ठा विटेवरच्या सावळ्या परब्रह्मावर आहे आणि त्या ग्रंथातला सिद्धान्त मला मान्य नाही. माळ गळ्यात आहे, ती एका ग्रंथाने सैल झाली नाही. उलट एक गोष्ट पक्की झाली. आपल्या फडावर, आपल्या सप्ताहात, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहताना मी आता समोर पाहतो. ऐकणाऱ्यांत उठून जायची मोकळीक असलेले किती आहेत, आणि मी ज्याच्याविरुद्ध बोलतो आहे तो इथे बसला असता तर त्याने कोणते खरे आक्षेप घेतले असते, हे मनाशी विचारतो. हा विचार सुटला की कीर्तनाचे फर्मान व्हायला वेळ लागत नाही.

यंदाही नवमीला पालखी दिघीवरून जाईल. टेबल लागेल. काका पहाटे येऊन लाडू मोजून ठेवतील आणि दिंडी आली की टोपी काढून उभे राहतील.

रामकृष्णहरि.